काट्यांची जाळी

जोयडा,
श्रावण शुद्ध पंचमी

चि. बाय,


शिरसीहून तुझं पत्र पोचलं. वनशास्त्र शिकतेस आणि विचारतेस, आपल्या कुणबी गावांनी स्वतःचं रान राखून, लावून, त्यावर धंदा उभा केला तर? प्रश्न मोठा आहे. मी आपला बांबूच्या बेटापासून सुरुवात करतो.

बेटाच्या बुडाशी काट्यांची जाळी असते. आपले लोक तिला हात लावत नसत, कारण आत कोवळे कोंब असतात. कागद गिरणीसाठी तोड सुरू झाली, तेव्हा बेट मोकळं झालं की बांबू फोफावेल या समजुतीनं ती जाळी साफ केली गेली. मग काय, गुरं, वानरं, साळिंदरं यांचं आयतंच फावलं. १९७०च्या दशकात पुण्याचे माधव गाडगीळ या जिल्ह्यात बांबूचा अभ्यास करायला आले. गावकरी जे सांगत होते तेच खरं, असं त्यांना आढळलं. भरपावसाच्या पट्ट्यात जंगल तोडून निलगिरी लावली, तिचंही बुरशीनं वाटोळं झालं. अशा वेळी गावाला विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि विचारायची सक्तीही नव्हती.

आता कायदा थोडा बदललाय. १९२७च्या वन कायद्यानं बांबूला झाडात धरलं होतं. २००६च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपज ठरवलं. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. २०११मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि गावानं आपला बांबू आपणच विकला. सागवान मात्र गौण वनोपजात येत नाही, तेव्हा सागाची स्वप्नं बघू नकोस. आपलं भांडवल बांबू, मध, शिकेकाई.

आपली अडचण वेगळी. आपल्या जिल्ह्यातले सिद्दी २००३पासून अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, कर्नाटकातले कुणबी अजून नाहीत. त्यामुळे वनहक्कासाठी आपल्याला तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. कुमरी, म्हणजे फिरती शेती, करून जगलेल्या माणसांनी कागद कुठून जपले असणार? पण त्याच कायद्याच्या नियमांत एक वाट आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं, तर तेही पुराव्यात धरतात.

म्हणून दिवाळीला येशील तेव्हा रोपवाटिकेचा आराखडा राहू दे, कोरी वही घेऊन ये. शेजारच्या वाडीचे दावे चालू आहेत. त्यांची कुमरी कुठल्या उतारावर होती, कुठल्या बेटातले कोंब कोण राखायचा, ते मला ठाऊक आहे; मी सांगेन, तू लिहून घे. आपल्यासाठी त्यांचे म्हातारे सांगतील. आमचे गुडघे अजून चालतात, तोवर उरकून घेऊ.

तुझा,
आजोबा