शंभर टक्के आणि बहुतेक

(शनिवारी जामसांवलीच्या हनुमान मंदिरातून परतल्यावर सौंसरच्या घरी झालेलं बोलणं. मामा निवृत्त शिक्षक. भाची छिंदवाड्याला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला.)

भाची : मंदिराच्या आवारात त्या पोराला फिट आली, तेव्हाचं तुम्ही सगळं पाहिलंत ना मामा?

मामा : पाहिलं की. त्याला कुशीवर वळवलंस, नाकाशी कांदा धरणाऱ्याचा हात बाजूला केलास आणि घड्याळ बघत बसलीस.

भाची : फिट पाच मिनिटांपुढे गेली तर जिवावर बेतू शकतं. ती त्याआधीच थांबली. मग त्याच्या आईनं विचारलं, "बाई, ही मिरगी का बाहेरचं?" मी म्हटलं, "बहुतेक मिरगी असेल, दवाखान्यात दाखवून बघा." माझी मैत्रीण म्हणाली, "शंभर टक्के मिरगी. आजच दवाखान्यात न्या." आईनं तिचं ऐकलं.

मामा : लेकरू दवाखान्यात गेलं ना? मग बिघडलं काय?

भाची : एका फिटवरून सहसा मिरगी म्हणत नाहीत. रक्तातली साखर उतरली तरी फिट येते, मेंदूत जंताची गाठ असली तरी येते. म्हणजे तिची खात्री पोकळ होती, तरी कामी आली. माझी शंका रास्त होती, तिचा मात्र उपयोग झाला नाही.

मामा : रास्त होती की नुसती भीती होती? गणित बरोबर आलं तरी तू तीनतीनदा तपासायचीस.

भाची : तोच तर प्रश्न आहे. आपल्याला काय कळतं आणि काय कळत नाही, याचं भान असणं म्हणजे मेटाकॉग्निशन. 1979 मध्ये जॉन फ्लॅवेल या मानसशास्त्रज्ञानं ही कल्पना नीट मांडली. 1994 मध्ये ते भान मोजायला 52 विधानांची एक प्रश्नावली निघाली. तिची स्वभावाच्या चाचण्यांशी सांगड घातली की साधारण असं दिसतं, नेटक्या, शिस्तीच्या विद्यार्थ्यांना गुण जास्त पडतात.

मामा : ती प्रश्नावली भरतं कोण?

भाची : विद्यार्थी स्वतःच.

मामा : मग झालं! ज्याला स्वतःचं भान नाही, त्यालाच विचारायचं, 'बाबा, तुला भान आहे का?' नेटका पोरगा म्हणणारच, 'मी अभ्यासाचा आढावा घेतो.' त्यानं भान मोजलं गेलं की त्याचं स्वतःविषयीचं मत?

भाची : डॉक्टरांबाबतही तेच आढळलंय. 2006 मध्ये 'जामा' या नियतकालिकात एक आढावा आला होता. डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरून मोजलेलं कसब, अशा 20 तुलना त्यात होत्या. त्यांतल्या 13 मध्ये मेळ जेमतेम, नाहीच किंवा उलटा.

मामा : आपण ज्याच्या दर्शनाला गेलो, त्याचंही हेच नाही का? समुद्र ओलांडायचं बळ अंगात, पण शापामुळे आठवण नाही. जांबवंतानं सांगितलं तेव्हा कुठे उड्डाण.

भाची : रात्रपाळीला जांबवंत कुठून आणू?

मामा : वही ठेव. रिपोर्ट यायच्या आधी लिहायचं, मला काय वाटतं आणि शंभरात किती वाटतं. रिपोर्ट आला की ताडून बघायचं. घड्याळ पाच मिनिटं मागे असलं तरी गाडी सापडते. मागे किती, ते ठाऊक हवं.

भाची : म्हणजे मी 'साठ' लिहिलेलं दहांपैकी नऊ वेळा खरं निघालं, तर ती शंका नव्हती, स्वभाव होता. आणि मैत्रिणीचं 'शंभर' सहाच वेळा खरं ठरलं, तर तिचाही स्वभावच.

मामा : एकमेकींच्या वह्या बघा म्हणजे झालं. पण त्या आईला दोघीही स्वभावच ऐकवून आलात. 'दवाखान्यात न्या' यात तुला शंका होती?

भाची : तिळमात्र नाही. शंका रोगाच्या नावाची होती.

मामा : तरी दोन्ही गोष्टी एकाच दबक्या आवाजात. तिच्या दोन्ही एकाच ठणठणीत आवाजात.

भाची : म्हणजे खात्री अख्ख्या माणसाची नसते, एकेका वाक्याची असते. 'आजच न्या' ठामपणे सांगायचं, 'नाव तपासणीनंतर कळेल' हेही तितक्याच ठामपणे.

मामा : आणि 'नाव माहीत नाही' ऐकून आई तिथंच बसून राहिली तर? पोरगं वाचवायला खोटं 'शंभर टक्के' म्हणशील?

भाची : नाही. पुढे तपासणीत दुसरंच निघालं, तर 'दवाखान्यात न्या' या शब्दाचीही पत जाईल. गावातला पुढचा रुग्ण मग येणारच नाही.

मामा : पुढच्या रुग्णासाठी आजचा पणाला लावायचा?

भाची : तेही नाही. ती बसून राहिली, तर गाडी बोलावून मी त्यांच्यासोबत जाईन. एवढं तर तिसऱ्या वर्षालाही येतं.