यात मे महिना कुठे आहे?

गेल्या हिवाळ्यात एका स्नेह्यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन मांडायचं काम माझ्याकडे आलं. ते निवृत्त शिक्षक, मी त्यांच्याहून बराच लहान. कॅमेऱ्याच्या बाबतीत दोघेही हौशी. जुन्नर भागातल्या किल्ल्यांवरची पाण्याची टाकी ते २१ वर्षं टिपत आले आहेत. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन आणि नाणेघाटाची वाट, एवढाच त्यांचा मुलूख. प्रत्येक फोटोची नोंद वहीत आहे, कुठे चार ओळी, कुठे पानभर. लेखात नाव नको, ही त्यांची अट. म्हणून इथे त्यांना नुसतं सर म्हणतो.

मी मोठ्या उत्साहाने ४० फोटो निवडले. शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्यांच्या अंधारात शिरलेला उन्हाचा कवडसा, चावंडच्या ओळीने खोदलेल्या सात टाक्यांवर उतरलेलं श्रावणातलं आभाळ. फोटो देखणे होते. सरांनी ते एकेक करून पाहिले आणि विचारलं, "यात मे महिना कुठे आहे?"

मे महिना मीच काढून टाकला होता. त्या फोटोंत पाणी तळाला गेलेलं, गाळ उघडा पडलेला, त्यात प्लॅस्टिकच्या बाटल्या. भर दुपारचं पांढरं ऊन. भिंतीवर लावण्याजोगं त्यात काही नाही, असं मला वाटलं होतं. त्या रात्री वह्या घेऊन बसलो तेव्हा कळलं, की सरांचं खरं काम तिथेच आहे. पाणी उतरल्यावरच टाक्याच्या भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा दिसतात. कातळ कुठून फोडायला घेतला, कुठे दगड कठीण लागला म्हणून खोदणाऱ्याने दिशा बदलली, हे तेव्हाच वाचता येतं. टाकं खोदताना निघालेला दगड तटा-बुरुजांच्या बांधकामाला कामी येई, आणि आत राखलेले खांब वरचं छत पेलत. त्या छताच्या सावलीत पाणी थंड राहतं, उन्हाने कमी उडतं. पुस्तकातून हे मला माहीत होतं, पण एका टाक्याचे आषाढ, कार्तिक आणि वैशाखातले फोटो शेजारी ठेवल्यावर ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. वहीत एके ठिकाणी एवढंच लिहिलंय: "पायऱ्या ११ उघड्या. गेल्या वर्षी ९. पाणी पिण्याजोगं नाही, कडेला मेलेली पाल." हे वाक्य फोटोपासून तोडलं, तर फोटो सुंदर होतो आणि मुका होतो.

हौशी माणसाचं काम लोकांसमोर आणताना आपण नेमकी हीच चूक करतो, असं मला वाटतं. व्यावसायिकाच्या कामातून वेचक घेतलं तर फारसं बिघडत नाही, कारण त्याने स्वतःच ते कुणासाठी तरी वेचलेलं असतं. हौशी माणूस एकाच प्रश्नाच्या मागे वर्षानुवर्षं फिरतो, आणि त्याचं बळ त्या परत परत जाण्यात असतं. 'हौसेला मोल नाही' असं आपण म्हणतो. त्याचा खरा अर्थ हौसेची किंमत करता येत नाही, असा आहे. ऐकणारे मात्र तिला किंमतच नाही, असा घेतात.

फ्रान्सच्या जाक आंरी लार्तिगचं उदाहरण मला सारखं आठवत राहिलं. लहानपणी वडिलांनी दिलेल्या कॅमेऱ्याने त्याने धावत्या मोटारी, विमानं, उड्या मारणारी भावंडं टिपली. तो रोजनिशी लिही. हवा कशी होती ते नोंदवी आणि काढलेल्या फोटोंची छोटी रेखाटनंही करी. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन झारकॉव्स्की यांनी त्याचं प्रदर्शन मांडलं, तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. त्या प्रदर्शनाने तो जगाला कळला, आणि याबद्दल झारकॉव्स्कींचे उपकारच मानले पाहिजेत. पण अल्बमच्या पानांतून एकेक फोटो सुटा होऊन भिंतीवर आला, तेव्हा 'निरागस बालप्रतिभा' अशी त्याची ओळख ठरून गेली. आयुष्यभर स्वतःचे दिवस चिकाटीने लावून ठेवणारा माणूस तिच्यामागे झाकला गेला. १९७९ मध्ये त्याने अल्बम, निगेटिव्ह आणि रोजनिशा हे सगळं फ्रेंच सरकारला दिलं, म्हणून आज ती पानं पुन्हा जोडून पाहता येतात.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि दोनच वर्षांनी जॉन्सन आणि हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांच्या नावाने एक मासिक अल्बम काढायला घेतला. त्यात अस्सल प्रिंट चिकटवलेले असत आणि सोबत छापील वर्णन असे. त्या वर्णनांतली साहेबी नजर मला पटत नाही. तरी फोटो आणि मजकूर एकाच हातात पडावेत, ही समज तेव्हा होती.

मग सगळंच दाखवायचं का? नाही. हजारो फोटो भिंतीवर ओतणं म्हणजे पाहणाऱ्यावर आणि करणाऱ्यावरही अन्याय. निवड हवीच, पण ती माझ्या आवडीने नको, सरांच्या प्रश्नाने व्हावी. त्यांचा प्रश्न एकच: हे पाणी टिकतं कसं, आणि कधीपासून टिकेनासं झालं? तो धरून मी ४० पैकी ३१ फोटो काढून टाकले. सहा टाकी घेतली, प्रत्येकाचे आठ फोटो, महिन्यांच्या क्रमाने. खाली वहीतल्या ओळी सरांच्याच अक्षरात, खाडाखोडीसकट.

पहिलं प्रदर्शन शहरात न करता गडाच्या पायथ्याच्या एका शाळेत केलं. गुरं घेऊन वर जाणारे दोन म्हातारे बराच वेळ एका रांगेपुढे उभे होते. त्यांनी सरांना हाक मारली. "गुरुजी, ह्या टाक्याचं नाव तुम्ही त्या पलीकडच्याला दिलंय. आन् ह्याच्यात एक झरा हाय, कोपऱ्यात. तुमच्या फोटूत बी दिसतोय." सर भिंतीशी गेले, चष्मा वर करून तो कोपरा पाहिला, खिशातली पेन्सिल काढली आणि दोन्ही नावं तिथल्या तिथे खोडून बदलली. मग झरा कुठल्या महिन्यात आटतो, ते विचारत त्यांच्याजवळ खाली बसले.