नऊचा आकडा कपाळावर कशाला?

जातीचा खाना लाथाडलेली आपली पोरं आता आपल्याच पायानं दुसऱ्या खान्यात जाऊन बसतायत. एनिअग्राम नावाची आकृती आहे. वर्तुळावर नऊ बिंदू, बिंदू जोडणाऱ्या रेघा. १९७० च्या सुमारास ऑस्कर इचाझो आणि क्लॉडिओ नारांहो यांनी त्या बिंदूंना नऊ स्वभाव जोडले. एक नंबर चुका काढणारा, दोन दुसऱ्यासाठी राबणारा, आठ अंगावर जाणारा, नऊ भांडण टाळणारा. मोबाईलवर चार प्रश्नांना उत्तरं दिली की आकडा हातात. मग शिबिरात कुणी म्हणतो, "मी आठ नंबर. ओरडणारच. स्वभावाला औषध नाही."

मित्रा, ही म्हण कुणाच्या सोयीची, जरा बघ. इंग्रजानं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. करमाळ्याहून आपण ज्या सोलापूरला कामाधामाला जातो, तिथंच सेटलमेंटच्या तारेआड माणसं कोंडली. पोर जन्मायच्या आधीच त्याचा 'स्वभाव' सरकारनं लिहून ठेवलेला. १९५२ ला कायदा गेला. शिक्का गेला नाही.

बरं, कुणी म्हणेल, ते जन्मावरून होतं, हे गुणावरून. आर्यसमाजीही हेच म्हणायचे. वर्ण ठेवा, फक्त गुणावर ठेवा. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी त्यांच्यापुढं प्लेटो उभा केला. प्लेटोनं गुण बघूनच माणसं तीन वर्गांत वाटली होती. बाबासाहेबांचं म्हणणं असं की माणूस एका गुणाचा नसतो, प्रत्येक जण वेगळा, त्याला ठरावीक खान्यांत कोंबणं ही वरवरची नजर. लाहोरच्या मंडळानं भाषण रद्द केलं, बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. तीन पुरले नाहीत, चार पुरले नाहीत, मग नऊ कसे पुरतील?

तरी मी ती आकृती फाडा म्हणत नाही. ते काही पक्कं शास्त्र नव्हे, पण आरसा म्हणून चालतं. लोक बिंदू वाचतात, रेघा वाचत नाहीत. आठवरून एक रेघ दोनकडं जाते. म्हणजे अंगावर जाणाऱ्यानं जपायला शिकावं, ही त्याची वाट. आकडा माणसाचं नाव नाही, सवयीचं नाव आहे. आणि बुद्धानं सांगितलंय, सगळं अनित्य. सवयही त्यात आलीच.

म्हणून दोनच गोष्टी पाळा. आकडा स्वतःला लावा, सोबत्याला नको. 'तो तसलाच' म्हटलं की त्याच्याशी बोलणं संपतं, आणि संघटना तिथंच फुटायला लागते. दुसरं, आकड्यानं उद्याचं वागणं बदलत नसेल तर तो फेकून द्या.

आणि राग ओळखा. मजुरी बुडवली म्हणून आलेला राग आठ नंबरचा नसतो, तो मजुरीचा असतो. त्याला स्वभाव म्हणणारा मालकाचं काम करतो. पण तोच राग घरी बायकोच्या ताटावर आपटला, तर तो मजुरीचा राहत नाही. तो तुझा. तिथं बस, बघ, बदल.