भूतयज्ञ आणि पेंढ्याची उडवी

गृहस्थाने नित्य करावयाच्या पंचमहायज्ञांतील भूतयज्ञाचा आशय असा की, शिजलेल्या अन्नाचा वाटा इतर जिवांसाठी काढून ठेवल्यावाचून घरच्या धन्याने आपल्या पानावर बसू नये. अग्रभाग त्यांचा, अवशिष्ट ते आपले. पेणच्या खारेपाटात किंवा रोह्याकडे कुंडलिकेच्या काठी कोणत्याही भातशेतकऱ्याच्या दारी उभे राहिले तर हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. तांदूळ माणसाचा, कणी कोंबड्यांची, कोंडा दुभत्या म्हशीच्या आंबोणात, आणि हे सर्व वजा जाता जो पेंढा राहिला त्याची उडवी रचून बैलांची व भाकड गुरांची वर्षभराची बेगमी. वसुबारसेला गाईला ओवाळून नैवेद्य भरविला जातो खरा, पण बाकीचे दिवस तिने उष्टेच खावे अशी आपली तजवीज असते.

एवढ्यावरून आपण अधर्मी ठरतो काय? मला तसे वाटत नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पहिल्या जठरात असंख्य सूक्ष्म जीव नांदतात आणि जो काष्ठतंतू आपल्याला पचत नाही तो ते फोडून त्याचे अन्न करतात. म्हणजे आपले अवशिष्ट हाच त्याचा निसर्गदत्त वाटा आहे, आणि एकाच शेतात दोघांची पंगत परस्परांचा घास न हिरावता बसू शकते. उलट मका आणि सोयाबीन यांच्या खुराकावर गुरे पोसण्याची जी रीत जगभर रूढ झाली, तिने माणसाच्या ताटातले काढून गुराच्या गव्हाणीत घातले. तीत औदार्य दिसले तरी न्याय कितपत आहे याचा विचार व्हावयास हवा. स्थानिक झाडपाल्याचे मोल तपासणे माझ्या धर्मविचारात बसते ते याच कारणाने.

दोष अवशिष्ट देण्यात नाही, न पारखता देण्यात आहे. भाताच्या पेंढ्यात प्रथिन अवघे तीन-चार टक्के, सिलिका भरपूर, आणि त्यातील ऑक्झलेटामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. त्याच पिकाचा ताजा कोंडा बारा-चौदा टक्के प्रथिनाचा, मात्र काही दिवस पडून राहिला की तेल खवट होऊन गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. आणि तूस म्हणाल तर पोट भरल्याचा आभास. भातामागून जमिनीच्या ओलीवर येणाऱ्या वालाचे भूस शेंगवर्गीय असल्याने पेंढ्याहून कितीतरी सकस, तरी या भागात वालाची ख्याती बिरड्यापुरतीच. आणि ऐनासारख्या झाडांचा टहाळ? तो राबात जळतो. या राबासाठी रयतेने जंगलखात्याशी इतके भांडण मांडले की मुंबई सरकारला १८८५ साली ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी चौकशी आयोग नेमावा लागला. भाताच्या रोपाला राख हवी म्हणून जो पाला जाळला जातो, त्यात गुरांचा हिस्सा किती, हा प्रश्न मात्र त्या भांडणात कोणाच्या जिव्हाळ्याचा नव्हता.

रसायनशाळेने अशा पारखीची एक रीत १८६०च्या सुमारास जर्मनीतील वेंडे येथे घालून दिली: ओलावा, राख, प्रथिन, स्निग्धांश, तंतू. रीत उपयुक्त आहे, परंतु ती वनस्पतीचे मोजते, खाणाऱ्याचे नव्हे. गीतेत सात्त्विक दानाची देश, काल आणि पात्र ही लक्षणे सांगितली आहेत, ती इथे अक्षरशः लागू पडतात. सुबाभळीचा पाला प्रथिनाने समृद्ध. पण त्यातील मिमोसिनामुळे, अति खाल्ल्यास, जनावराचे केस झडतात आणि गळ्यातील ग्रंथी सुजते. हवाईतील बोकडांना मात्र हाच पाला बाधत नव्हता, कारण त्यांच्या जठरात त्या विषाचा नाश करणारा जंतू होता. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन संशोधकाने तो ओळखला आणि पुढे ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात नेऊन रुजविला. तोच पाला, एका देशी विष आणि दुसऱ्या देशी अन्न.

बांधावरच्या गिरिपुष्पाचे, म्हणजे आपल्या उंदीरमारीचे, तसेच. ताज्या पाल्याच्या वासाने शेळी मान फिरविते. अर्धा दिवस सुकविला तर हळूहळू खाऊ लागते. इथे मला एक शंका नेहमी येते. उन्हाळ्यात गुरचरण करपले असता जे जनावर तोच पाला मुकाट्याने ओरबाडते, त्याने तो पसंत केला असे कोणत्या न्यायाने म्हणावे? भुकेल्याचा होकार पुराव्यात धरता येत नाही. आणि ज्याला नकाराची सोय नाही, त्याच्या वतीने नकार देण्याची जबाबदारी दात्यावर येते.

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. गोवधबंदीसाठी त्यांनी १९७९च्या एप्रिलमध्ये पवनारला उपोषण केले. गाय हा उपयुक्त पशू, तिचे पालन करावे, पूजन नव्हे, असे सावरकरांचे रोखठोक मत. या दोन पक्षांचा वाद महाराष्ट्रात पुष्कळ रंगला, पण पूजक आणि पालक या दोघांच्याही अनुयायांपैकी किती जणांनी सायंकाळी गव्हाणीत हात घालून पाहिला, याविषयी मी साशंक आहे. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरियाचे द्रावण शिंपडून तो तीन आठवडे हवाबंद दाबून ठेवला की त्याचे पचन आणि प्रथिन दोन्ही वाढतात. कृती अवघड नाही. पण ताडपत्री, पाणी आणि दोन माणसांची मेहनत लागते, आणि ती घेतली जाते ती दुभत्या म्हशीसाठी.

माझी अडचण इथे आहे. वैरणीचे सारे मूल्यमापन अखेर दुधाच्या मापात वा वाढलेल्या वजनात मांडले जाते. परताव्याची अपेक्षा न धरणारा भूतयज्ञ त्या हिशेबात कोठे बसवावा? कठोपनिषदात वाजश्रवस दक्षिणा म्हणून ज्या गाई देतो, त्यांचे खाणेपिणे आणि दूध सर्व संपलेले असते, आणि ते पाहून लहानग्या नचिकेत्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. त्या गाईंसाठी कोणता पाला उत्तम, हे कोणत्याही प्रयोगक्षेत्रावर तपासले जात नाही, कारण निष्कर्ष कोणत्या मापात लिहावयाचा हेच ठरलेले नाही. दातांची झीज, हाडांची ठिसूळता, बसलेल्या गुराला उठावयास लागणारे कष्ट, हीही मापेच आहेत. आणि मऊ, भिजविलेले, थोडे थोडे दिलेले वालाचे भूस त्या मापांवर कसे उतरते, हे पाहण्यास पेणच्या किंवा रोह्याच्या शेतकऱ्याला कोणत्याही शास्त्राची परवानगी नको.