तोतलाडोहवर आधी कोण होतं?

२०१९च्या जुलैत नागपूर महापालिकेला एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं. शहराला पाणी देणारा तोतलाडोह जलाशय तळाला गेला होता. शहराचा राग मध्य प्रदेशावर निघाला: वरच्या अंगाला चौराईला धरण बांधून पेंच नदीचं पाणी अडवलं, आमच्या वाट्याचं काय? मागणी रास्तच होती. आम्ही हे पाणी आधीपासून वापरतो, वर कुणी नवं काही बांधलं म्हणून आमचा हक्क बुडत नाही. पण हाच न्याय नदीच्या इतिहासात आणखी मागे नेऊन लावायची वेळ आली की नागपूरकर गप्प होतात.

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, दोन राज्यांच्या सीमेवर तोतलाडोहचा जलाशय आहे. भोवती पेंच व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. तळं होण्याआधी इथं नदी होती आणि नदीत मासे धरणारी आदिवासी माणसंही होती. पलीकडे, मध्य प्रदेशाच्या बाजूला राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा हे आदिवासी उद्यानाबाहेर गेले. नंतर १९८०च्या दशकात धरण झालं आणि त्यांची नदी जलाशयाखाली गेली. मध्य प्रदेश सरकारने त्यांच्यातल्या ३०५ जणांना मासेमारीचे परवाने दिले, त्याविरुद्ध ‘अ‍ॅनिमल अँड एन्व्हायर्न्मेंट लीगल डिफेन्स फंड’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९७च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. जंगल जपायचं, पण तिथून हललेल्यांच्या पोटाचाही विचार करायचा, असा तो निकाल होता. अटी मात्र कडक: परवान्यावर फोटो हवा, काठावर चूल पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही, ठरलेल्या भागाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

अटींशी माझं भांडण नाही. व्याघ्र प्रकल्पात रात्री जाळी पडतात, त्यामागे बाहेरचा व्यापारी असतो, वनरक्षकाला जीव मुठीत धरून गस्त घालावी लागते. हे नाकारून आदिवासींची बाजू मांडणं म्हणजे भाबडेपणा. पण मासे चोरणारा आणि मासे धरून जगणारा एकाच यादीत गेले की व्यापाऱ्याचंच फावतं. ज्याला उघडपणे जाळं टाकता येत नाही तो अंधारात टाकतो, आणि अंधारातला माल घेणारा भाव स्वतः ठरवतो.

कॅनडात क्वेबेक प्रांताच्या उत्तरेला क्री या आदिवासी लोकांनी आधीपासूनच्या हक्काचा हाच प्रश्न वेगळ्या रीतीने लढवला. जेम्स उपसागराच्या परिसरातला जलविद्युत प्रकल्प त्यांना न विचारता सुरू झाला; १९७३मध्ये न्यायाधीश अल्बेर मालूफ यांनी काम थांबवलं, आठवड्याभरात वरच्या न्यायालयाने ते पुन्हा सुरू केलं. तरीही त्या एका आठवड्याने सरकारला चर्चेला बसवलं. १९७५च्या करारात क्रींना भरपाई मिळाली, शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क लेखी मिळाले. धरणं झालीच, नव्या जलाशयांतल्या माशांत पारा चढला, तेव्हा करार म्हणजे स्वर्ग नव्हे. ओपेमिस्का तळ्याकाठच्या ऊजे-बुगुमूच्या क्री लोकांना तर त्या करारात स्वतंत्र जागाही नव्हती. खाणींपायी पुन्हा पुन्हा हुसकावले गेलेले ते लोक १९९०च्या सुमारास स्वतःचं गाव वसवू शकले. पण तिथे सरकारशी कागदावर सही करणारा पक्ष क्री होते. तोतलाडोहवर परवाना देणारं सरकार होतं आणि घेणारा उपकृत.

हा फरक मिटवायला आपल्याला नवा कायदाही करावा लागत नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात, कलम ३(१)(घ)मध्ये, पाणवठ्यांतल्या माशांवरचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे, आणि राष्ट्रीय उद्यानं त्यातून वगळलेली नाहीत. ग्रामसभेने दावा करायचा, पुरावे जोडायचे, समितीने तपासायचा. वाघाला धोका असेल तर निर्बंधही घालता येतात, पण ते दावा ऐकून, त्या लोकांशी बोलून. आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क माना, चौराईच्या वेळी नागपूरने मध्य प्रदेशाकडे नेमकं हेच मागितलं होतं.