लूत, किळस आणि दया

दिवाळी आणखी कशाकशाचा सण असेल तो असो. आपल्या कातडीचा तर तो खासच आहे. पहाटेचे तेल, उटणे, कढत पाणी... वर्षभर जिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, त्या त्वचेचे चार दिवस किती लाड होतात! अशा वेळी लूत भरलेल्या कुत्र्याविषयी लिहायला घेणे म्हणजे रसभंग, हे मला कळते. पण फराळाचे उरलेसुरले घेऊन आपण याच दिवसांत मागल्या दारी जातो, तेव्हा ते तेथे उभे असते. केस झडलेले, कातडे जाड होऊन सुरकुतलेले, अंगाला आंबूस वास. आपण चकलीचा तुकडा टाकतो आणि त्याच दमात 'हाड् हाड्' करतो. त्या क्षणी पोटातून उसळून येणारी ही किळस नीतीच्या दरबारात साक्षीला घ्यावी की नाही, असा मला प्रश्न पडतो.

किळस अगदीच वेडी नसते. रोगापासून दूर राहा, असे ती माणसाला फार जुन्या काळापासून सांगत आली आहे. पण तिची नजर मंद आहे. तिला सारी झडलेली कुत्री सारखीच दिसतात.

वस्तुतः ती सारखी नसतात. एक लूत खरजेच्या किड्याची. माणसाच्या खरजेचे मूळ एका इवल्याशा किड्यात आहे, हे इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी १६८७ साली सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगितले; त्याचाच भाऊबंद कुत्र्याच्या कातड्यात बिळे करतो. कानांच्या कडा, कोपरे, पोट यांवर खपल्या धरतात, आणि खाज अशी की जनावराला रात्रभर झोप नाही. कानाची कड जरा चोळली तर मागचा पाय पुष्कळदा आपोआप खाजवू लागतो. पशुवैद्य ही खूण मुद्दाम पाहतात. ही लूत एका कुत्र्याची दुसऱ्याला झपाट्याने लागते. माणसालाही पुरळ येते, मात्र कुत्र्याचा किडा माणसाच्या अंगावर फार दिवस तग धरत नाही.

दुसरी लूत केसांच्या मुळाशी राहणाऱ्या किड्याची. हा पिलाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत, आईच्या कुशीत दूध पिताना मिळतो. निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही तो थोडाफार असतोच. प्रतिकारशक्ती खचली की माजतो, आणि डोळ्यांभोवती, तोंडाभोवती, पुढच्या पायांवर टकले पडतात. माणसाला तो लागत नाही. म्हणजे ज्या पिलाला आपण दगड मारून पिटाळतो, त्याच्यापासून पुष्कळदा आपल्याला काडीचाही धोका नसतो. उलट मांडीवर घेतलेल्या गोंडस पिलाच्या अंगावरचा रुपयाएवढा चट्टा गजकर्णाचा असेल, तर तो घरच्या पोरांना खुशाल लागतो. तेथे किळस गप्प! शेपटीच्या बुडाशी केस गेले असतील तर बहुधा पिसवांचा प्रताप. नेमके काय ते कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून डॉक्टरही सहसा ठामपणे सांगत नाहीत; आपण मात्र दहा पावलांवरून निकाल देऊन मोकळे होतो.

आमच्या शाळेच्या ओसरीखाली एक कुत्री येऊन राहिली होती, लुतीने सारे अंग उघडे पडलेली. हाकला तिला, असे पालकांचे म्हणणे पडले. त्यात गैर काही नव्हते. मुलांची काळजी आधी. पण वेशीपलीकडे हाकललेले कुत्रे दुसऱ्या कुणाच्या तरी मुलांजवळ जाते, एवढा विचार त्यात नव्हता. तेवढ्यात एका गॅरेजवाल्याने दया येऊन तिच्या अंगाला जळके ऑइल चोळले. हा उपाय गावोगाव चालतो. कुत्रे अंग चाटते, विष पोटात जाते. सोललेल्या कातड्याची आग होते ती निराळीच.

आता तोंड फिरवून जाणारा सज्जन बरा, की हा दयाळू? परिणाम पाहिला तर पहिल्याने निदान विष तरी चारले नाही. तरीही मी माप गॅरेजवाल्याच्याच पदरात टाकीन. तो जवळ गेला, त्याने हात लावला. चुकणाऱ्या हाताला शिकवता येते; मास्तरकीत इतकी वर्षे काढल्यावर एवढे मी खात्रीने सांगू शकतो. तालुक्याच्या पशुदवाखान्यात तिला टेम्पोत घालून नेले तेही पुढे त्यानेच.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिराबरोबर चालणारे कुत्रे सर्वांना ठाऊक असते. आरंभीचे फारसे कुणाला आठवत नाही. जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिलू शिरले. त्याने हवीला तोंड लावले नव्हते, तिच्याकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला बडवले. याचा अपराध काय, असे सरमेने येऊन विचारले तेव्हा कुणीच उत्तर दिले नाही. तिच्या शापापेक्षा मला ते मौन भयंकर वाटते.

किळसेला पूर्वी एक सबब होती. औषध म्हणजे गंधकाचे पाणी नाहीतर मलम, आणि ते लावायचे तर हात घालावा लागे. आता तीही राहिली नाही. जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून आयव्हरमेक्टिन निघाले, आणि त्यासाठी ओमुरा व कॅम्पबेल हे २०१५ सालच्या नोबेलचे मानकरी ठरले. त्यामागून आलेल्या नव्या गोळ्या नुसत्या खाऊ घालायच्या. अर्थात डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि वजनाच्या मापाने. कोली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन जिवावर बेतू शकते, आणि गुरांचे उरलेले इंजेक्शन अंदाजाने टोचणे हे जळक्या ऑइलचेच भावंड आहे.

हात न लावता दिलेल्या गोळीला दया म्हणायचे का? नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ते त्याने पोळी कोरडी खाऊ नये म्हणून. आम्ही भाकरी तुपात भिजवली ती काही भक्तीने नव्हे; कुत्री गोळी हुडकून थुंकत होती म्हणून. दोनेक महिन्यांत तिच्या पाठीवर मऊ लव आली, आणि ती तांबड्या रंगाची आहे हे आम्हांला प्रथमच कळले.