सामर्थ्याची किंमत कोणी मोजायची?

चांगले काम करायला सामर्थ्य लागते, हे सर्वांना मान्य आहे. पण ज्यांचे भले करायचे त्यांच्याच जिवावर ते सामर्थ्य मिळत असेल तर? प्रश्न जुना आहे. एका संगणकीय खेळाने तो नव्याने मांडला, म्हणून त्याची दखल घ्यावीशी वाटते.

२०१८ साली डोंटनॉड या फ्रेंच कंपनीने 'व्हॅम्पिर' हा खेळ काढला. काळ १९१८चा, शहर लंडन. इन्फ्लुएंझाची साथ चालू आहे. त्याच वर्षी ती मुंबईमार्गे आपल्या मुलखातही शिरली होती. नायक डॉ. जोनाथन रीड रक्त चढवण्याच्या शास्त्राचा जाणकार, पण आता स्वतःच रक्तपिपासू झालेला. रोग्यांना तो औषध देतो, आणि मनात आणले तर त्यांचेच रक्त पिऊन झटक्यात बलवान होतो. मोह आवरला तर दुबळा राहतो व पुढच्या लढाया जड जातात. एकदा केलेली निवड मागे घेता येत नाही.

खरी मेख पुढेच आहे. ज्याची सुखदुःखे विचारली, ज्याचा आजार बरा केला, त्याच्या रक्तातून बळ अधिक मिळते. म्हणजे विचारपूस हीच गुंतवणूक!

आमच्या बीड जिल्ह्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे इथून लाखो मजूर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा बाप अंथरुणाला खिळला आहे, हे मुकादमाला नेमके ठाऊक असते. त्या गरजेवरच उचल दिली जाते. अडचणीला धावून येणारा आणि अडकवणारा हात एकच असतो. सगळेच मुकादम दुष्ट नसतात. त्यांच्याही मानेवर कारखान्याच्या पैशाचे जू असते. पण खाडा पडला की दंड मजुराच्याच माथी. २०१९ साली झालेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. साखर गोड लागताना हा आकडा कोणाला आठवतो?

खेळात आणखी एक गोष्ट आहे. नावगाव असलेल्या नागरिकाला मारले तर त्याचा हिशेब होतो, वस्ती ढासळते. रस्त्यावरच्या बिननावाच्या शत्रूंना मारले तर कोणी विचारत नाही. आपल्याकडेही नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. माणसाचे नाव पुसले की पापाची नोंदही पुसली जाते.

काही जण म्हणतील, दोघा-चौघांचे नुकसान होऊन शंभरांचे कल्याण होत असेल तर हरकत काय? आमचे म्हणणे एवढेच की, हा हिशेब नेहमी घेणाराच मांडतो. ज्याचे जाते त्याला कोणी विचारत नाही. नीयत नेक असली म्हणून दुसऱ्याचे रक्त आपल्यासाठी हलाल होत नाही.

आम्हा शिक्षकांनाही घरोघरची दुःखे माहीत असतात. कोणत्या मुलाचे आईबाप फडावर गेले आहेत, कोण आजीजवळ राहते, हे हजेरीपटावर नसले तरी आम्हाला कळते. ही माहिती मुलाला सांभाळायला वापरायची की त्याला दबवायला, हे रोज ठरवावे लागते. सांभाळण्याचा मार्ग संथ आहे. त्यात बढती नाही, दबदबाही नाही. पण त्या खेळात कोणाही नागरिकाचे रक्त न पिता शेवट गाठता येतो. कष्ट जास्त पडतात, इतकेच.